देखण्या चित्रपटाचा वाद : ‘दुविधा’च्या निवडीवरून झालेल्या चर्चेचा प्रकरण अभ्यास

पुण्यातील एका सार्वजनिक वाचनालयाने आपल्या वार्षिक कार्यक्रमात दाखवण्यासाठी एखादा जुना भारतीय चित्रपट सुचवावा, अशी विनंती आमच्या मित्रमंडळाला केली आणि त्यातून दिग्दर्शक मणी कौल यांच्या ‘दुविधा’ या 1973 सालच्या चित्रपटावर जो वाद झाला, त्याची ही नोंद आहे. चित्रपट सुंदर आहे की नाही, याबद्दल कोणाचेही दुमत नव्हते. ज्यांना तो मुळीच आवडला नाही, त्यांनीही त्यातील एकेक चौकट कापून भिंतीवर लावावी अशी आहे, हे बोलण्याच्या आरंभीच मान्य करून टाकले होते. मतभेद त्यापुढचा होता. एवढे देखणेपण चित्रपटाच्या काही कामी येते की कथेत दम नसल्याचे ते झाकण आहे, हा प्रश्न होता, आणि तो सुटल्याशिवाय वाचनालयाला उत्तर देता येत नव्हते.

चर्चेत प्रामुख्याने बोलणारे चौघे होते. एका शाळेत अनेक वर्षे चित्रकला शिकवलेल्या बाई, प्रायोगिक रंगभूमीवर नाटके बसवणारे एक दिग्दर्शक, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि माहितीपटांचे संकलन करणारी एक तरुणी. बाकीच्यांनी अधूनमधून भर घातली. मीही त्यांच्यातलाच एक असल्यामुळे ही नोंद अलिप्त निरीक्षकाची नाही, हे वाचकाने गृहीत धरावे.

चित्रपट आणि त्याची कथा

‘दुविधा’ची कथा विजयदान देथा यांची. जोधपूरकडच्या बोरुंदा या गावी राहून देथांनी राजस्थानी लोककथा गोळा केल्या, आपल्या ढंगात पुन्हा लिहिल्या आणि ‘बातां री फुलवाड़ी’ या नावाने त्यांचे अनेक खंड काढले. त्यातील दहाव्या खंडाला 1974 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कथा थोडक्यात अशी : एका सावकाराचा मुलगा लग्न करून वधूला घरी आणत असताना वाटेत एका झाडाखाली वऱ्हाड विसावते आणि त्या झाडावरचे भूत वधूवर भाळते. घरी पोहोचताच नवरा व्यापारासाठी पाच वर्षांच्या मुक्कामाला परगावी निघून जातो, कारण मुहूर्त तसा निघालेला असतो. भूत त्याचे रूप घेऊन घरात शिरते, सासऱ्याला रोज सोन्याच्या मोहरा देऊ लागते आणि वधूला मात्र, आपण तुझा नवरा नाही, हे खरे सांगून निर्णय तिच्यावर सोपवते. ती त्याला स्वीकारते. पुढे तिला दिवस गेल्याची वार्ता खऱ्या नवऱ्याच्या कानी जाते आणि तो परततो. दोघांपैकी खरा कोण, याचा निवाडा राजाकडे मागायला सगळे निघतात, पण वाटेत भेटलेला एक धनगर भुताला युक्तीने चामड्याच्या पिशवीत कोंडून प्रश्न निकालात काढतो. वधूला मुलगी होते आणि वधू पुन्हा त्याच नवऱ्याच्या हवाली होते.

मणी कौल मूळचे जोधपूरचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी दिग्दर्शनाचे शिक्षण घेतले, तेथे ऋत्विक घटक त्यांचे शिक्षक होते. ‘दुविधा’ हा त्यांचा पहिला रंगीत कथापट असून त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. छायालेखन नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचे आहे. वधूच्या भूमिकेत चित्रकार अकबर पदमसी यांची कन्या रईसा पदमसी आहे, तर नवरा आणि भूत या दोन्ही भूमिका रवी मेनन यांनी केल्या आहेत. चित्रपट सोळा मिलिमीटर फिल्मवर चित्रित करून नंतर पस्तीस मिलिमीटरवर मोठा केलेला आहे. हा तपशील पुढे वादाच्या मध्यभागी आला, म्हणून येथे नोंदवून ठेवतो. लांबी दीड तासाहूनही कमी आहे, तरी आमच्यापैकी निम्म्या लोकांना तो तीन तासांचा वाटला, आणि निदान एवढी गोष्ट तरी कोणी लपवली नाही.

पहिली फेरी

नाट्यदिग्दर्शकांचा आक्षेप सर्वांत धारदार होता. त्यांचे म्हणणे असे की, चित्रपटात नटांना कामच दिलेले नाही. माणसे भिंतीशी उभी राहतात, सपाट आवाजात वाक्य म्हणतात, नजर वळवतात आणि थांबतात. निवेदक गोष्ट सांगून टाकतो, म्हणून नटाच्या वाट्याला फक्त दिसणे उरते. पांढऱ्या भिंतीपुढे लाल ओढणी बसवली की चौकट सुंदर होणारच, त्यात दिग्दर्शकाने काय कमावले, असा त्यांचा प्रश्न होता. 1974 मध्ये सत्यजित राय यांनी त्या काळच्या नव्या चित्रपटांवर लिहिताना ‘दुविधा’ आणि कुमार शहानी यांचा ‘मायादर्पण’ या दोहोंबद्दल नाराजी व्यक्त केली होती, याचीही त्यांनी आठवण करून दिली. मोठ्या माणसाचे मत पाठीशी असले की आपले मत आपोआप बरोबर ठरते, असे नाही. परंतु ज्याने स्वतः एकेक चौकट जिवापाड जपली, त्या दिग्दर्शकाने हा आक्षेप घ्यावा, याला वजन आहे, आणि ते त्या संध्याकाळी सर्वांना जाणवले.

बाईंनी दिलेले उत्तर चित्रकलेच्या बाजूने होते. कौल यांनी या चित्रपटात रंगांची आणि चौकटीची मांडणी कांगडा आणि बसोली या पहाडी शैलींतील लघुचित्रांवरून घेतली होती, हे त्यांना ठाऊक होते. लघुचित्रात भिंत ही मागची भिंत नसते, तो रंगाचा एक सपाट पट्टा असतो. त्यावर माणूस ठेवलेला असतो आणि त्याचा चेहरा सहसा भावना ओतून दाखवत नाही, ती भावना ओढणीचा रंग, झाड, दार आणि हाताची ठेवण यांच्यात वाटली गेलेली असते. अशा चित्रपटाकडे नाटकाच्या अपेक्षेने पाहिले तर निराशाच पदरी येणार, असे त्या म्हणाल्या. यावर नाट्यदिग्दर्शक म्हणाले, “बाई, लघुचित्र मी हवे तेवढा वेळ पाहू शकतो आणि हवे तेव्हा पान उलटू शकतो. इथे पान उलटणारा मणी कौल आहे.” हा टोला वरवर विनोदी असला तरी त्यात चित्रपटमाध्यमाविषयी एक खरी गोष्ट होती, आणि बाईंना त्याचे तत्काळ उत्तर देता आले नाही.

आणखी एकाने ध्रुपदाचा दाखला काढला. कौल यांनी उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपदाची तालीम घेतली होती, तेव्हा चित्रपटाची संथ चाल म्हणजे आलाप समजावा, असे त्याचे म्हणणे. पण ध्रुपदावरचा कौल यांचा माहितीपट 1982 चा, म्हणजे ‘दुविधा’नंतर नऊ वर्षांनी आलेला. शिवाय आलाप संथ असतो म्हणून जे जे संथ ते सर्व आलाप ठरत नाही. कंटाळा आलेल्या प्रेक्षकाला शास्त्रीय संगीताचा धाक घालण्याचा हा प्रकार आपल्याकडे फार चालतो आणि त्याने समांतर सिनेमाचे भले झालेले नाही. तो मुद्दा तिथेच राहिला.

आवाज बंद, चित्र बंद

येथवरची चर्चा नेहमीच्या वळणाने गेली असती. म्हणजे एका बाजूने ‘कंटाळवाणा’ आणि दुसऱ्या बाजूने ‘तुम्हाला बघता येत नाही’, असे ऐकवून चहा घेऊन सगळे घरी गेले असते. तसे झाले नाही, याचे श्रेय संकलक तरुणीला आहे. चित्रपट संपूर्ण आठवून भांडण्याऐवजी एकच तुकडा घेऊ, असे तिने सुचवले. भूत घरात येऊन वधूला सत्य सांगते, त्याच्या आसपासचा भाग तिने निवडला. तो आधी आवाज पूर्ण बंद करून दाखवला आणि मग पडदा झाकून नुसता ऐकवला.

नुसते ऐकताना गोष्ट पूर्ण कळली. कोण बोलते आहे, काय घडले, तिने काय ठरवले, यातले काहीही निसटले नाही. नाट्यदिग्दर्शकांनी लगेच आपला विजय जाहीर केला, कारण चित्र काढून घेतल्यावर काहीच कमी होत नसेल तर चित्र हा दागिना ठरतो. त्यांचा हा युक्तिवाद त्या संध्याकाळचा सर्वांत भक्कम युक्तिवाद होता, असे मला अजूनही वाटते, आणि ‘दुविधा’चे समर्थन करणाऱ्या कोणालाही त्याला वळसा घालून पुढे जाता येऊ नये.

मात्र आवाज बंद असताना जे दिसले, ते आधी कोणीच नीट पाहिलेले नव्हते. चित्रपटात जागोजागी प्रतिमा गोठवलेली आहे. चालू असलेला शॉट मध्येच थांबतो आणि वधूचा चेहरा छायाचित्रासारखा तसाच राहतो. आम्ही सर्वांनी याला स्थिर बसलेली नटी समजून सोडून दिले होते. संकलक तरुणीने तो भाग मागेपुढे करून दाखवला. फिल्मवर चित्रित केलेल्या शॉटमध्ये माणूस अगदी निश्चल बसला, तरी प्रत्येक चौकटीतले फिल्मचे कण वेगळे असतात, त्यामुळे पडद्यावर एक अतिसूक्ष्म सळसळ चालू राहते. सोळा मिलिमीटरची प्रतिमा पस्तीसवर मोठी केली की हे कणही मोठे होतात आणि सळसळ जास्त जाणवते. चौकट गोठवताना मात्र तीच एक चौकट सेकंदाला चोवीस वेळा पुन्हा पुन्हा छापलेली असते, म्हणून कणही जागच्या जागी थिजतात. तिने बोट ठेवून दाखवले तेव्हा भिंतीच्या चुन्यावरची ती सळसळ एका क्षणी थांबलेली आम्हाला स्पष्ट दिसली. नटी शांत बसली होती तोवर भिंतसुद्धा जिवंत होती, चौकट गोठल्यावर दोघीही वस्तू झाल्या.

यातून चर्चेची दिशा बदलली. नटीला हलू नकोस, असे सांगणे दिग्दर्शकाला सोपे आणि स्वस्त होते. तरीही त्याने पैसे आणि खटाटोप खर्चून चालती फिल्मच थांबवली, म्हणजे स्तब्धता आणि गोठणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला दाखवायचे असले पाहिजे. लग्न ठरवताना जिला कोणी विचारले नाही, वाटेत झुडपांवरची लाल रानफळे खाविशी वाटली तर ती गावंढळांनी खायची असतात म्हणून जिला गप्प केले गेले, त्या मुलीला सासर ज्या नजरेने पाहते, ती नजर येथे तंत्रातून उमटते. बाईंनी यावर मोजकेच पण नेमके म्हटले. त्यांच्या मते लघुचित्रातील नायिका मुळातच चित्र असते, म्हणून तिच्यावर अन्याय होत नाही. येथे मात्र हलणाऱ्या बाईचे आपल्या डोळ्यांदेखत चित्र केले जाते.

दोन माणसे, एकच चेहरा

बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी तोवर फारसे बोलणे टाळले होते. त्यांचे निरीक्षण चित्रकलेचे नव्हते, हिशेबाचे होते. नवरा लग्नाच्या वाटेवरही हिशेबात गढलेला असतो, सासऱ्याला मोहरा मिळू लागताच मुलगा परगावाहून अकाली का परतला, याची चौकशी थांबते, आणि खरा मुलगा दारात येतो तेव्हा घराला पडलेला पेच वात्सल्याचा नसून जमाखर्चाचा असतो, असे ते म्हणाले. खातेदाराची सही जुळली की माणूस कोण आहे, हे आम्हीही पाहत नव्हतो, अशी पुस्ती त्यांनी जोडली.

यावरून नाट्यदिग्दर्शक पुन्हा आपल्या मूळ मुद्द्यावर आले, आणि या वेळी तो अधिक टोकदार झाला होता. एकाच नटाने नवरा आणि भूत अशा दोन भूमिका करायच्या असतील, तर दोघांतला फरक उभा करणे हे त्याचे काम. चाल वेगळी हवी, आवाजाची पट्टी वेगळी हवी, निदान तिच्याकडे पाहण्याची तऱ्हा तरी वेगळी हवी. ‘दुविधा’त असा फरक जवळजवळ दिसत नाही. मग ती एकावर प्रेम करते आणि दुसऱ्यावर करत नाही, हे आम्ही कशावरून मानायचे?

मला वाटते, चित्रपटाचे सगळे मर्म या प्रश्नात आहे, आणि नाट्यदिग्दर्शकांनी दोष म्हणून नोंदवलेली गोष्ट येथे गुण ठरते. दोघे दिसायला सारखेच आहेत. दोघांनाही तोच प्रकाश, तीच पांढरी भिंत, तीच देखणी चौकट मिळालेली आहे. डोळ्यांनी पाहून त्यांच्यात निवड करता येऊ नये, अशी व्यवस्था दिग्दर्शकाने केलेली आहे. फरक एवढाच की, त्यांपैकी एकाने तिला विचारले. हा फरक कानाला कळतो, डोळ्याला कळत नाही. पडदा झाकून ऐकल्यावर गोष्ट पूर्ण समजते, याचे कारणही हेच असावे. सावकाराच्या घराला डोळे आहेत आणि ते मोहरांवर आहेत. ती एकटी ऐकते. चित्र दागिना आहे, या आक्षेपाला माझे उत्तर असे की, होय, येथे चित्र पुष्कळदा दागिन्यासारखेच आहे, आणि दागिन्यांनी मढवलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही, हीच त्या घराची रीत चित्रपट दाखवतो आहे. नटाने फरक करून दाखवला असता, तर प्रेक्षक पहिल्या दहा मिनिटांत भुताच्या बाजूचा झाला असता आणि वधूचा निर्णय सोपा, म्हणून बिनमोलाचा ठरला असता.

येथे ‘पहेली’चा उल्लेख होणे अपरिहार्य होते. अमोल पालेकर यांनी 2005 मध्ये याच कथेवर शाहरुख खान आणि राणी मुखर्जी यांना घेऊन तो चित्रपट केला, आणि तो त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून गेला होता. तोही देखणाच आहे, रंगांची उधळण त्यात कितीतरी जास्त आहे. शिवाय तेथे शाहरुख खान नवऱ्याला घुमा आणि भुताला रसिक करून दोघांत स्पष्ट अंतर ठेवतो, म्हणजे नाट्यदिग्दर्शकांना हवे होते ते सगळे तेथे आहे. शेवटही बदललेला आहे. तेथे भूत नवऱ्याच्या देहात शिरते आणि जोडपे सुखी होते. हा शेवट पाहून समाधान वाटते, हे मी नाकारत नाही. परंतु त्यात तिच्या दुविधेचे काही शिल्लक राहत नाही, आणि ‘दुविधा’त ती जशी परत त्या घरात ढकलली जाते, तसे काही घडल्याचा चटका ‘पहेली’त लागत नाही. पालेकरांनी वेगळा प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवून वेगळी वस्तू केली, एवढेच म्हणणे न्याय्य होईल.

समर्थन कोठे तोकडे पडते

असे असले तरी ‘दुविधा’चे समर्थन सरसकट करता येत नाही. मधल्या भागात, वाड्यातील दिवसांमागून दिवस दाखवताना, कित्येक चौकटी केवळ चांगल्या लागल्या म्हणून ठेवल्यासारख्या वाटतात. कोनाडा, जिना, उंबरा, बांगड्यांचा हात हे प्रथम येतात तेव्हा घराचे बंदिस्तपण सांगतात, पण पुढे पुढे त्यांची सवय होते आणि सवय झालेले सौंदर्य लवकर निस्तेज होते. नाट्यदिग्दर्शकांचा पान उलटण्याचा टोला येथे तंतोतंत लागू पडतो. संकलक तरुणीनेही या भागातील काही शॉट आपण काढून टाकले असते, असे मान्य केले. बाईंना ते पटले नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मुलीला चित्र करून टाकणाऱ्या नजरेवर हा चित्रपट बोट ठेवतो, हे खरे, परंतु ते करताना तो स्वतःही तिला चित्रच करतो, आणि आम्ही सगळे मघापासून तिच्या ओढणीच्या लाल रंगाचेच गोडवे गात होतो. सासऱ्याच्या आणि आमच्या पाहण्यात फरक कोठे पडतो, असे बँकेतील गृहस्थांनी विचारले, तेव्हा थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. माझ्या मते फरक गोठलेल्या चौकटीनंतर पडतो. चौकट सुटते, कण पुन्हा सळसळू लागतात आणि ती मान वळवते, त्या क्षणी मघाशी आपण काय पाहत होतो याची लाज वाटते. पण हे प्रत्येक गोठलेल्या चौकटीबाबत घडत नाही. काही ठिकाणी गोठणे नुसतीच लकब बनते, आणि तेथे चित्रपट सासऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो.

निवड

वाचनालयाला काय कळवायचे, यावर शेवटी मतदान झाले नाही. नाट्यदिग्दर्शकांनी विरोध मागे घेतला नाही, पण चित्रपट दाखवायचाच असेल तर आधी गोष्ट सांगावी, अशी अट घातली. रहस्य फुटेल म्हणून एकदोघांनी नको म्हटले. त्यावर संकलक तरुणीचे म्हणणे सर्वांनी मानले. लोककथा ऐकणाऱ्याला शेवट बहुधा माहीतच असतो आणि हा चित्रपटही निवेदकाच्या तोंडून पुढचे आधीच सांगत जातो, तेव्हा गोष्ट ठाऊक असल्याने काही बिघडत नाही. उलट पुढे काय होणार, ही चिंता मिटल्यावर प्रेक्षक पाहायला मोकळा होतो. बाईंना लघुचित्रांच्या पारदर्शिका दाखवायच्या होत्या. त्याने चित्रपटाला शिकवणीचे स्वरूप येईल म्हणून तो बेत सर्वानुमते रद्द झाला आणि त्या थोड्या रागावल्याही.

प्रत्यक्ष कार्यक्रमात बँकेतील गृहस्थांनी गोष्ट सांगितली, भूत वधूला खरे सांगते तेथपर्यंतच. प्रयोगात मध्यंतर ठेवलेले नव्हते. वाड्यातील त्या मधल्या भागात मागच्या रांगांतील काही मंडळी उठून गेली, आणि ती नेमकी तेथेच उठावीत, याचे नाट्यदिग्दर्शकांना समाधान वाटले असावे. संपल्यावर थांबलेल्यांपैकी एका वयस्कर वाचक बाईंनी रंगांबद्दल किंवा संथपणाबद्दल काहीही विचारले नाही. धनगराला तिच्याशी एक शब्दही न बोलता निवाडा कसा करता आला, एवढेच त्यांना विचारायचे होते. नाट्यदिग्दर्शक त्यांच्या शेजारीच उभे होते, आणि त्यांनीच उत्तर द्यायला सुरुवात केली.